पूजेतून उठवलेली सायकल

भाद्रपद सरत आला की आमच्या ओटीवर निराळंच ऊन उतरतं. चार महिने कोपऱ्यात बसून ओल खाल्लेल्या वस्तू त्या उन्हात एकेक करून बाहेर येतात. गोणपाटं, घोंगड्या, इरली, आईची गोधडी, माझी बुरशी आलेली पुस्तकं. समोरच्या खाचरांत हळव्या भाताच्या लोंब्या भरू लागलेल्या असतात. एखादा दाणा चिमटीत दाबला तर अजून दूधच निघतं, पण वास मात्र तांदळाचा यायला लागलेला असतो. अशाच एखाद्या सकाळी दादा म्हणायचा, "बाळ्या, सायकल काडू या रं."

गेल्या वर्षी तो तसं म्हणाला नव्हता. मीच काढली, मीच पुसली, कारण कॉलेजला जायला मला ती लागते. यंदा मात्र चहा पिता पिता तो एकदम म्हणाला. आईच्या हातातला तवा चुलीवर ठेवताना वाजला. बाबांनी पानाची चंची उघडली आणि पान न खाताच मिटली.

या दिवसांविषयी लिहावं असं किती तरी वेळा मनात आलं. मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कागदावर लिहिणारा मीच पहिला, त्यामुळे कोणाला दाखवून विचारावं असं घरात कोणी नाही.

आमच्याकडे सायकलीला पावसाळाभर सुट्टी असते. कडावच्या सडकेपासून आमच्या घरापर्यंतची वाट बांधाबांधावरून येते आणि लावणीच्या दिवसांत ती वाट राहतच नाही, नुसता चिखल होतो. म्हणून जूनच्या तोंडाशी सायकल स्वयंपाकघरातल्या तुळईला उलटी टांगायची. टांगण्याआधी चेनला ग्रीसचा लेप, रिमला खोबरेल आणि कातडी सीटला करंजेल लावायचं. करंजेलाच्या कडू वासानं उंदीर सीटला तोंड लावत नाहीत. चुलीचा धूर लागला की लोखंड गंजत नाही, असं बाबा म्हणतात. हे खरं का, म्हणून कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारायचं मनात होतं, पण धीर झाला नाही.

उतरवलेली सायकल पहिल्यांदा बघवत नाही. काजळी आणि ग्रीस मिळून तिच्यावर काळं, चिकट कातडं चढलेलं असतं. चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन ते घासायचं. पाणी ओतायचं नाही, ओलं फडकं पिळून पुसायचं. पाणी ओतलं तर ते चाकाच्या आसात शिरतं आणि आतले छर्रे गंजतात. चेन काढून घमेल्यात, रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची आणि दातवणाची चावून मऊ केलेली काडी घेऊन एकेक कडी खरवडायची. मग ती तारेवर वाळत घालायची, आईच्या लुगड्याशेजारी, आणि आईनं ओरडायचं. ते ओरडणंही दरवर्षीच्या कामातच धरलेलं असे.

सगळं जोडून झालं की दादा सायकल उलटी करून सीटवर उभी करी, पॅडल हातानं फिरवी आणि चाकाजवळ कान नेऊन डोळे मिटी. "चाक बोलाया नको," असं तो म्हणे. कुठे खर्र झालं की सगळं पुन्हा उघडायचं. मला ते उगाच वाटे. सायकल चालली म्हणजे झालं, थोडी वाजली तर काय बिघडतं?

"तुमाला नाय कळायचं, भावजी," वहिनी म्हणायची. "त्यांना बायको वाजलेली चालते, सायकल वाजलेली चालत नाय."

वहिनी कोंडाण्याची. मंजुळा तिचं नाव. डोंगराच्या अगदी पायथ्याला तिचं माहेर. आमच्या सपाट भातखाचरांत ती आली तेव्हा सुरुवातीला तिला करमत नसे. सकाळी उठून अंगणात आली की ती आधी मान वर करून बघायची. तिच्या माहेरी मान वर केली की डोंगर असतो. इथे नुसतं आभाळ. "एवडं आभाळ काय करायचं?" असं तिनं एकदा आईला विचारलं होतं.

सायकल धुण्याच्या दिवशी ती हातातलं काम टाकून आमच्यात येऊन बसे. तिचं काम छर्रे सांभाळायचं. आस उघडला की ते ग्रीसमध्ये लडबडलेले बारीक पोलादी गोळे वाटीत घ्यायचे, रॉकेलनं धुवायचे, फडक्यावर पसरायचे. ओल्या बोटाच्या टोकावर एकेक गोळा उचलून ती उन्हात धरायची. एकदा फडक्यावरचा एक छर्रा आमच्या तांबड्या कोंबडीनं गिळला. दादा ओरडत तिच्यामागे धावला. कोंबडी कुंपणावरून परसात, परसातून गोठ्यात, आणि दादा ग्रीसच्या हातांनी तिच्यामागे. वहिनी हसून हसून ओटीच्या कडेला टेकली.

"अवो, सोडा तिला," ती म्हणाली. "उद्या अंड्यातनं दील ती."

"तुला हसू येतंय? चाक कसं बसवू मी?"

"मंग कोंबडीच बसवा चाकात."

बाबासुद्धा हसले होते. मला आठवतं, कारण बाबा फार हसत नाहीत.

आमच्या गावात एक रीत आहे. सुनेनं नवऱ्याच्या सायकलवर बसून गावात शिरायचं नाही. सडकेवर काय बसायचं ते बसा, पण वेशीवरच्या मारुतीपाशी उतरायचं, पदर डोक्यावर घ्यायचा आणि सायकल हातात धरलेल्या नवऱ्याच्या मागून चालत घरी यायचं. वहिनी माहेराहून आली की दादा तिला कोंडाण्याहून कर्जतवरून कॅरिअरवर बसवून आणी. रस्ताभर दोघं बोलत यायची. मारुती आला की बोलणं बंद. मग तो पुढे, मध्ये सायकल, मागे ती.

"आय," एकदा ती भाकरी थापता थापता आईला म्हणाली, "एकदा तरी दारापत्तूर बसून येऊ द्या की. मागनं चालताना मला वाटतं, सायकलच सून हाय आन् मी तिची पाठराखीण."

आई आधी रागावल्यासारखी झाली. मग तिलाही हसू फुटलं. आई कडक नाही, लोकांच्या तोंडाला भिते एवढंच. ती म्हणाली, "पोर घिऊन येशील ना, तवा ये दारापत्तूर. मंग कोन काय बोलतंय ते मी बगते."

आईनं दिलेला शब्द वहिनीनं जपून ठेवला. त्यानंतर रोज नाही, पण अधूनमधून ती आईला आठवण करून द्यायची. "आय, ध्यानात हाय ना?" आई म्हणायची, "हाय गं बाय, हाय."

पहिलं बाळंतपण माहेरी. ज्येष्ठात, वाट बंद होण्याआधी, दादानं तिला सायकलवरून कोंडाण्याला पोचवलं. ती निघाली त्या सकाळी आई तिच्या ओटीत काय काय घालत होती आणि ती म्हणत होती, "एवडं वझं झालं तर त्यांना मला उतरवून सामान न्यावं लागंल." दादा संध्याकाळी परतला. लगेच आम्ही सायकल पुसली, तेल लावलं, तुळईला टांगली. मग पाऊस लागला आणि कोंडाणं आमच्यासाठी फार लांब गेलं.

त्या चार महिन्यांतली दादाची एक सवय मला आठवते. जेवताना तो मान वर करून सायकलीकडे बघायचा. पूर्वी वहिनी अंगणात मान वर करायची तसाच. आई म्हणायची, "खाली बग नि जेव. ती काय उडून जात नाय." गणपती गेल्यावर वहिनीचा भाऊ गणू कर्जतच्या बाजाराला आला होता, त्यानं आमच्या गावच्या माणसाजवळ निरोप दिला. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. दसरा झाला की न्यायला या.

दादानं त्या वर्षी सायकल अशी उघडली की तिचा एकही भाग दुसऱ्याला चिकटलेला राहिला नाही. ओटीवर गोणपाट अंथरून त्यानं सगळी सायकल त्यावर मांडली. मडगार्ड, पॅडलं, ब्रेकच्या कांब्या, चेन, दोन्ही चाकांचे आस. एखाद्या बैलाचा सांगाडा पडावा तशी ती दिसत होती. रिमवरचे गंजाचे ठिपके त्यानं राख आणि लिंबानं घासून काढले. चाकांच्या तारा एकेक करून बोटानं छेडल्या आणि ज्या सैल वाजल्या त्या आवळल्या. मी अभ्यासाला बसलेला असायचो, पण कान तिकडेच. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना त्यानं पाय टेकायला लोखंडी पट्ट्या बसवून घेतल्या. मांडीवर बाळ असलं की पाय लोंबकळू नयेत म्हणून.

आणि आईनं कॅरिअरसाठी गादी शिवली. आपल्या जुन्या लुगड्याचे चार थर घालून, चारी बाजूंनी टाके घालून. शिवता शिवता ती मला म्हणाली, "मारुतीपाशी उतरायची नाय आता ती. आपल्या दारात उतरंल." ते सांगताना तिचा चेहरा असा झाला होता की जणू तीच सायकलवर बसून येणार होती.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं आणि अवजारं धुऊन पूजेला मांडतात. विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. माझी पुस्तकंही त्यांच्या शेजारी ठेवतात. सायकल घरात आल्यापासून तीही भिंतीला टेकून पूजेत उभी राहते. हँडलला झेंडूची माळ, पुढच्या मडगार्डवर हळदकुंकवाची बोटं. एकदा पूजा झाली की दसऱ्याची सकाळ होईपर्यंत यातल्या कशालाही हात लावायचा नाही. चार महिने ज्यांनी आपल्यासाठी राबायचं त्यांचा हा एक दिवस, असं बाबांचं म्हणणं. बाबा या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत. एका वर्षी पूजेनंतर वासराच्या गळ्यातलं दावं आवळलं होतं. बाबांनी ते दातांनी सोडवलं, पण विळा उचलला नाही.

त्या वर्षीची पूजा झाली होती. नैवेद्य दाखवून झाला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा निघणार होता. तेवढ्यात बांधावरून कोणी तरी घाईघाईनं येताना दिसलं. जवळ आल्यावर कळलं, गणू.

तो ओटीवर टेकलाही नाही. म्हणाला, "दाजी, तायला ताप भरलाय. उतरंना. डागदर सुई देऊन गेला. पन ती सारकी तुमाला बोलवा म्हनते, म्हनून आलो."

दादा उठला. दाराकडे गेला, थांबला, मागे वळला. त्याचे डोळे सायकलीवर गेले आणि तिथून बाबांवर. पूजेतली वस्तू नेऊ का, हे आमच्या घरात विचारायचंच नसतं.

बाबा उठले. पूजेसमोर वाकले, हात जोडले, पुढचे तांदूळ हातानं बाजूला सारले आणि स्वतः सायकल उचलून ओटीवरून अंगणात आणली. "घे," ते म्हणाले. "नीघ."

गणू म्हणाला, "तुमी व्हा फुडं, मी येतो मागनं." दादानं पायताणसुद्धा घातलं नाही. बांध संपेपर्यंत त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि सडकेला लागल्यावर बसला. हँडलवरची माळ तशीच होती. आईनं शिवलेली गादी मागे बांधलेली होती. सायकल जराही वाजली नाही. इतक्या लांबून ती वाजली असती तरी मला ऐकू आलं नसतं, हे मला कळतं. पण मला तसंच आठवतं, की ती वाजली नाही.

मग आई बाबांकडे वळली.

"खरं सांगा. मंजुळा गेली ना माजी?"

"अगं, ताप हाय म्हनला तो. तुज्यासमोर तर बोलला."

"मंग पूजा का मोडली तुमी?"

बाबांनी आपल्या हाताला लागलेल्या हळदकुंकवाकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मला आज वाटतं, त्यांनी सायकल उचलली ती फक्त सुनेच्या काळजीनं. त्या वेळी त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण आईनं तसं विचारल्यावर त्यांनाही आपल्याच हाताची भीती वाटली. जी गोष्ट आपण वासरासाठी केली नाही, ती आज का केली?

आमच्याकडे मरणाची बातमी दारात आणून सरळ सांगत नाहीत, आधी नुसतं आजारपण सांगतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आई खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. शेजारच्या बायका धावत आल्या. बाबा म्हणत राहिले, "आवो, तसं नाय, ताप हाय नुसता," आणि जितकं म्हणत होते तितका त्यांच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. पूजेत सायकलची जागा रिकामी दिसत होती. येणारी प्रत्येक बाई आधी ती रिकामी जागा बघायची आणि मग आईजवळ बसून रडायला लागायची.

त्यात वेळ गेला. कोणी गाडी जुंपायला गेलं, कोणी भावकीतल्या माणसांना बोलवायला गेलं, कारण आता सगळ्यांनी मिळून जायचं होतं. आई उठत नव्हती. शेवटी आम्ही निघालो. कर्जत मागे पडून डोंगर जवळ आला तेव्हा उन्हं उतरली होती. कड्यांवर सोनकीची पिवळी फुलं दिसत होती. आई गाडीत डोक्यावरून पदर ओढून बसली होती. तिनं ती पाहिली नाहीत.

कोंडाण्यात पोचलो तेव्हा वहिनीच्या आईनं दारातच आईला मिठी मारली. म्हणाली, "आत्ताच गेली हो. थोडं आदी आला असता तर भेटली असती. बोलत व्हती, शुद्धीत व्हती."

आईचं रडणं एकदम बंद झालं. तो आवाज बंद झालेला मी कधी विसरणार नाही. ती वहिनीच्या आईकडे बघत होती आणि हिशेब लावत होती. आपल्या अंगणात बायका जमल्या तेव्हा, भावकीची वाट बघत बसलो तेव्हा, गाडीचे बैल सापडत नव्हते तेव्हा, वहिनी इथे बोलत होती. दादाशी बोलत होती. दादानं शब्द जसा ऐकला तसा धरला आणि सायकल हाणत आला, म्हणून त्याला ती भेटली.

नंतर एकदाच, लोंब्या झोडायच्या दिवसांत, खळ्यावर आम्ही दोघंच असताना आई मला म्हणाली, "मी तिच्या जित्तेपनी तिला रडले रं, बाळू." त्यानंतर ती त्याविषयी बोलली नाही.

दादा बारावा झाल्यावर परत आला. सायकल हातात धरून, कोंडाण्यापासून आमच्या दारापर्यंत चालत. सडकेवर भेटलेल्या माणसांनी विचारलं, "काय रं काशिनाथ, पंक्चर हाय का?" तो नुसता मान हलवायचा. मुलगी तिकडेच, तिच्या आजीजवळ राहिली, कारण तान्ह्या पोरीला इकडे सांभाळणार कोण, असं सगळ्यांचं ठरलं. त्यानंतर दादा सायकलवर बसला नाही. लेकीला बघायला तो कोंडाण्याला जातो, तोही चालत. सायकल माझ्याकडे आली. कॉलेजात एकदा मित्र म्हणाला, तू सायकल छान राखली आहेस. मी पॅडल मारून निघालो.

या दोन वर्षांत आमच्या घरात एक प्रश्न राहायला आला आहे. तो आमच्यातच जेवतो, आमच्यातच निजतो. वहिनी दादाशी काय बोलली? दादा सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. बाबांना तो प्रश्न पडत असेल, पण ते शेतात जातात. आईला शेतात जाऊनही तो सुटत नाही. तिला सगळं नको आहे. तिला एवढंच हवं आहे की आपण आलो नाही हे वहिनीच्या मनात सलत राहिलं का. न आलेल्या सासूविषयी जाताना ती काय घेऊन गेली. आई मला म्हणते, "तू इच्यार की रं त्याला. तू शिकलेला." मी मान खाली घालतो. माझ्या पुस्तकांत प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न असतात, पण असा प्रश्न भावाला कसा विचारावा ते त्यांत नाही. शिकल्यानं माणसाला जास्त बोलता येतं असं आईला वाटतं. मला तर उलटाच अनुभव आहे.

आज सकाळी सायकल उतरवताना दादानं दोरीची गाठ सोडली आणि मी खालून चाकं धरली. दोघांच्याही अंगावर काजळी पडली. मग ओटीवर गोणपाट, राख, काथ्या, घमेलं, रॉकेल. मला वाटलं होतं तो सांगेल आणि मी करीन. पण त्यानं माझ्या हातातून फडकं घेतलं. बराच वेळ घासून झाल्यावर तो म्हणाला, "पोरीला आनायची हाय दसऱ्याला. कोंडाण्याची म्हातारी पाठवते म्हनली. चार दिस राहील, रमली तर आनखी राहील."

"सायकलवर?" मी विचारलं.

"एवडी लांब चालंल का ती?" तो म्हणाला, आणि पुन्हा घासायला लागला.

मी चेन खरवडत होतो. दादानं मागचं चाक मांडीवर घेतलं होतं आणि तो आस उघडत होता. छर्रे वाटीत पडत होते. ऊन ओटीवरून अंगणात सरकलं. आम्ही दोघं मध्येच उठून जेवून आलो. आई आम्हाला वाढून झाल्यावर, स्वतः न जेवताच, बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. तिच्या हातात काही काम नव्हतं. आईला बिनकामाचं बसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. ती दादाच्या हातांकडे बघत होती.

"काशा," ती म्हणाली.

"काय गं?"

मी चेनवरची काडी थांबवली. मला वाटलं, ती आता पोरीविषयी काही बोलेल, तिला दूध कोणतं द्यायचं, निजवायचं कुठे, असं काही.

"माजं नाव काडलं व्हतं का रं तिनं?"

दादाचे हात थांबले नाहीत. त्यानं बोटावर ग्रीस घेतलं, आसाच्या वाटीत कडेकडेनं लावलं. एक छर्रा उचलून त्यात बसवला. मग दुसरा.

"काडलं व्हतं," तो म्हणाला.

आईनं दाराची चौकट धरली. "काय म्हनली?"

दादानं मान वर केली. दोन वर्षांत त्यानं आईकडे इतकं सरळ बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"म्हनली, आय रडत बसली असंल घरी. तिचा जीव लई भित्रा. तिला म्हनावं, रडायचं ते रड, पन आदी जेवून घे."

दादानं खरंच तिचे शब्द सांगितले की आईसाठी त्यानं ते दोन वर्षांत जुळवले, मला कळलं नाही, आणि मला ते कधी विचारायचंही नाही. आई पदरानं तोंड पुसून उठली आणि आत गेली.

दादानं पुन्हा वाटीत बोट घातलं. थोड्या वेळानं आतून जमिनीवर पितळी सरकवल्याचा आवाज आला. आई जेवायला बसली होती.